कामावर अपघात झाला आणि मालक हात वर करतोय: नुकसानभरपाईच्या वादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये बोटं जातात, बांधकामावर परांचीवरून बिगारी पडतो, गावाकडे मळणी यंत्रात हात अडकतो. पहिले आठ दिवस मालक दवाखान्यात येऊन जातो, नंतर त्याचा फोन लागत नाही. खरा वाद तिथून सुरू होतो. खालचे प्रश्न कामगार आणि त्यांच्या घरचे नेहमी विचारतात ते आहेत. कलमांचे आकडे कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ चे आहेत. नव्या संहितेबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

दवाखान्याचं सगळं बिल मालकानेच भरलं. आता वेगळे पैसे मागता येतात का?

येतात. उपचाराचा खर्च वेगळा आणि भरपाई वेगळी. कामावरच्या दुखापतीवर प्रत्यक्ष झालेला औषधपाण्याचा खर्च देणं मालकावर बंधनकारकच आहे, आणि तो भरपाईतून वळता करता येत नाही, असं कलम ४ मध्येच लिहिलं आहे. 'तुझ्यावर दोन लाख खर्च केले, आता आणखी काय पाहिजे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रकरणात ऐकायला मिळतं. कायद्यात त्याला काही अर्थ नाही.

माझ्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात. तरी भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे अर्ज करायचा का?

नाही. हे आधी नीट पाहा, कारण चुकीच्या दारात दोन-दोन वर्षं जातात. तुम्ही ईएसआयचे विमेदार असाल (सध्याची पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये) तर त्या कायद्याच्या कलम ५३ मुळे मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. तुमचे हक्काचे पैसे ईएसआय महामंडळ देतं. कामावर जाता येत नाही त्या काळात रोजच्या सरासरी मजुरीच्या साधारण ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड ठरवेल त्या टक्केवारीप्रमाणे आयुष्यभर. बोर्डाची टक्केवारी कमी वाटली तर मेडिकल अपील ट्रिब्युनल किंवा कर्मचारी विमा न्यायालयाकडे जाता येतं.

यात अडवणूक बहुतेक फॉर्म १२ वर होते. हा अपघाताचा अहवाल मालकाने भरायचा असतो. तो 'आज देतो, उद्या देतो' म्हणत राहिला, तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या.

अपघात सकाळी झाला आणि माझी ईएसआय नोंदणी दुपारी केली. आता मी कुठेच बसत नाही का?

बसता. असे प्रकार सर्रास होतात. पण विमेदार म्हणजे ज्याच्यासाठी वर्गणी भरली गेली तो किंवा ज्याच्यासाठी ती भरायला हवी होती तो. मालकाने वर्गणी बुडवली म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. महामंडळाने कामगाराला लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा, अशी रचना आहे. काम कधीपासून करत होता त्याचा पुरावा मात्र तुम्हालाच जमवावा लागेल: बँकेत जमा झालेला पगार, गेट पास, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, शिफ्टच्या ग्रुपवरचे फोटो.

कंपनी म्हणते तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस. ठेकेदार गायब आहे.

कलम १२ याच प्रसंगासाठी आहे. कंपनीने आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराला दिलं असेल आणि अपघात कंपनीच्या ताब्यातल्या जागेत झाला असेल, तर भरपाई कंपनीने द्यायची. नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची की नाही ते त्यांचं ते बघतील. अर्जात दोघांनाही सामनेवाले करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवत बसतो.

ऊसतोडीत हाच मुद्दा अवघड होतो. टोळी मुकादमाची, फड शेतकऱ्याचा, आणि ऊस कारखान्याचा. 'जागा आमच्या ताब्यात नव्हती' असा बचाव कारखान्याकडून येतो. म्हणून उचल कोणाच्या पैशातून दिली गेली, तोडीचा कार्यक्रम कोणी ठरवला, वाहतुकीची स्लिप कोणाच्या नावाची आहे, हे कागद अशा प्रकरणात सोन्याच्या मोलाचे असतात.

मी रोजंदारीवर होतो, चारच दिवस झाले होते.

चालतं. 'नैमित्तिक कामगार' म्हणून वगळण्याची तरतूद २००० साली काढून टाकली. काम कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या यादीत बसलं की झालं, आणि ती यादी लांबलचक आहे. यंत्राने किंवा विजेवर होणारी शेतीची कामंही तीत आहेत.

चूक माझीच होती. सेफ्टी गार्ड काढून मी काम करत होतो.

साधा निष्काळजीपणा हा बचावच नाही. हा कायदा चूक कोणाची हे विचारत नाही, अपघात कामातून आणि कामाच्या ओघात झाला का एवढंच विचारतो. मालक सुटतो तो तीन कारणांनी: कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता म्हणून अपघात झाला, त्याने सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला, किंवा संरक्षणासाठी बसवलेलं साधन जाणूनबुजून काढलं. आणि मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर या तीन कारणांचाही उपयोग होत नाही.

आता गार्डचं. प्रेसचा सेन्सर बंद करून ठेवायला कोण सांगतं, हे शॉप फ्लोअरवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. ताशी इतके पीस निघाले पाहिजेत म्हणून दोन हातांच्या बटणाऐवजी पायाचं पेडल जोडून दिलेलं असतं. तुमच्या मशीनवर आधीच्या शिफ्टमध्येही गार्ड नव्हता हे एखाद्या सहकाऱ्याने सांगितलं, तर 'जाणूनबुजून काढला' हा आरोप तिथेच लुळा पडतो. हे सिद्ध करायची जबाबदारीही मालकाची असते, तुमची नाही.

किती पैसे मिळतात? हिशोब कसा करतात?

तीन आकडे लागतात: महिन्याची मजुरी, वयाप्रमाणे ठरलेला गुणक आणि अपंगत्वाची टक्केवारी.

मजुरी कितीही असली तरी हिशोबात जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ती ८,००० होती. मृत्यू झाला तर मजुरीच्या ५० टक्के गुणिले गुणक, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले गुणक. गुणक वय वाढेल तसा कमी होतो: ३० व्या वर्षी २०७.९८, ३५ व्या वर्षी १९७.०६, ४० व्या वर्षी १८४.१७, ५० व्या वर्षी १५३.०९. वय अपघाताच्या आधीच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं धरायचं.

एक उदाहरण करून पाहू. वय ३०, पगार १८,०००, प्रेसमध्ये एका हाताची दोन बोटं गेली. पगार १५,००० धरला, त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. गुणिले २०७.९८ बरोबर १८,७१,८२०. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. पहिल्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं जाण्याला २० टक्के दिले आहेत. म्हणजे ३,७४,३६४ रुपये. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के.

३५ वर्षांचा कामगार दगावला आणि मजुरी १५,००० किंवा जास्त असेल, तर ७,५०० गुणिले १९७.०६, म्हणजे १४,७७,९५० रुपये. अंत्यविधीचा खर्च त्याशिवाय.

हाड मोडून दोन-चार महिने घरी बसावं लागलं आणि नंतर माणूस बरा झाला, तर तात्पुरत्या अपंगत्वाबद्दल दर पंधरवड्याला मजुरीच्या २५ टक्के मिळतात. महिन्याला अर्धा पगार झाला, तोही मर्यादा लावून. घर चालवायला तो पुरत नाही हे उघड आहे, पण कायदा एवढंच देतो.

डॉक्टरांनी २० टक्के लिहिलं. पण मला माझं काम आता करताच येत नाही.

इथे भांडायला जागा आहे आणि भांडलंच पाहिजे. शरीराचं अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपाई दुसरीवर ठरते.

सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निकाल या बाबतीत आजही पाया मानला जातो. एक सुतार सिनेमागृहात नक्षीकाम करताना पडला, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं असं की परिशिष्टात जेवढे टक्के आहेत तेवढेच द्या. न्यायालयाने विचारलं, सुताराला एका हाताने सुतारकाम येतं का? येत नाही, म्हणून अपंगत्व शंभर टक्के. २००८ मध्ये गुडघ्यापर्यंत पाय गमावलेल्या टँकर चालकाच्या बाबतीतही न्यायालयाने शंभर टक्केच धरले.

तेव्हा अपंगत्वाच्या दाखल्यावर फक्त टक्का लिहून घेऊन परत येऊ नका. तुम्ही नेमकं काय काम करायचा (वेल्डर, क्रेन ऑपरेटर, कटिंग मास्टर) आणि ते आता का जमणार नाही, हे डॉक्टरांना दाखल्यात लिहायला सांगा. पुढे डॉक्टरांना साक्षीलाही यावं लागतं. खाजगी डॉक्टर ते टाळतात. सरकारी रुग्णालयातला दाखला म्हणून बरा.

पगार रोख मिळायचा आणि रजिस्टरवर त्याच्या निम्मा दाखवलेला आहे.

मजुरी सिद्ध करायला पगारपत्रकच लागतं असं नाही. सहकाऱ्यांची साक्ष, डायरीतली हजेरी, गावी पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, फोन-पेचा तपशील, सगळं चालतं. रजिस्टरवरचा आकडा त्या कामाच्या सरकारी किमान वेतनापेक्षाही कमी असेल तर ते आधी दाखवून द्या. तो आकडा मग कोणी गंभीरपणे घेत नाही.

कामावर जाताना किंवा येताना रस्त्यावर अपघात झाला तर?

पूर्वी उत्तर बहुतेक 'नाही' असं होतं. कारखान्याच्या फाटकाच्या आत काय ते कामावर, बाहेर पडलात की तुमचं तुम्ही. ईएसआय कायद्यात २०१० मध्ये कलम ५१-ई आलं आणि विमेदारांना प्रवासातल्या अपघाताचं संरक्षण मिळालं. बाकीचे कामगार तसेच राहिले.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दरी मिटवली, आणि प्रकरण आपल्याच धाराशिव जिल्ह्यातलं होतं. साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात तो गेला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं, उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर घरून कामाला जातानाचा अपघातही कामाच्या ओघातलाच. आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम झाला. अपघात एप्रिल २००३ चा, निकाल २०२५ चा. बावीस वर्षं! एवढ्या काळात लहान लेकरांची लग्नं होतात.

तुमच्या प्रकरणात पाळीची वेळ, नेहमीचा रस्ता आणि अपघाताची वेळ जुळवून दाखवा. वाटेत लग्नाला जाऊन मग कामाला निघाला असाल तर प्रकरण कठीण आहे.

ड्युटीवर हार्ट अटॅक आला. मालक म्हणतो हा अपघात नाही.

दोन्ही बाजूंचे निकाल आहेत. लांब पल्ल्याच्या फेरीवर असलेल्या, दिल्लीहून निघालेल्या ट्रकचालकाला रस्त्यात अटॅक आला, त्याच्या वारसांना २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली. पण नुसतं 'ड्युटीवर होता' एवढंच सांगणाऱ्यांचे दावे फेटाळलेही गेले आहेत. कामाच्या ताणामुळे अटॅक आला हे दाखवावं लागतं: सलग किती तास काम, आदल्या दोन दिवसांत किती झोप, ओझं उचलत होता का, भट्टीजवळ होता का. शवविच्छेदन झालं नसेल तर प्रकरण अर्धं तिथेच संपतं. घरच्यांना त्या वेळी ते नको वाटतं हे समजण्यासारखं आहे, तरी करून घ्या.

पन्नास हजार देऊन कागदावर सही घेतली. 'फुल अँड फायनल' लिहिलं होतं.

घाबरू नका. हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे मुळातच रद्दबातल आहे. समझोता करायचाच असेल तर तो आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी आहे किंवा फसवून सही घेतली असं दिसलं तर ते नोंदणी नाकारू शकतात. नोंदणी न केलेल्या कराराच्या जोरावर मालक पूर्ण रक्कम देण्यातून सुटत नाही.

सही झाली त्याची एक अडचण मात्र राहते. कोऱ्या व्हाउचरवर सही घेतली असेल तर त्यावर नंतर काय लिहिलं जाईल सांगता येत नाही. दवाखान्यातल्या खाटेवर कोणी कागद पुढे केला तर फोटो काढू द्या म्हणा. बहुतेक वेळा कागद परत खिशात जातो.

नवरा कामावर असताना वारला. मालक घरी येऊन रोख पैसे देतो म्हणतो.

मृत्यूच्या प्रकरणात भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. घरी येऊन दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. अवलंबितांना तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंत आगाऊ रक्कम देता येते, तेवढीच वळती होते. शेठने दिले तर घ्या, पण कशाबद्दल दिले ते लिहून घ्या.

वाटणी आयुक्त करतात. विधवा, अज्ञान (१८ वर्षांखालचा) मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई हे पहिल्या फळीतले अवलंबित. सासू आणि सून यांच्यात इथे बरेचदा ताणलं जातं. दोघींनी एकच अर्ज करावा, वाटणीचं आयुक्तांवर सोडावं. वेगवेगळे अर्ज आले की मालकाचा वकील खूश होतो, कारण तारखा वाढतात. धडधाकट सज्ञान मुलाला यात वाटा नसतो.

बांधकाम कामगार मंडळाकडे नवऱ्याची नोंदणी चालू असेल तर कामावरच्या मृत्यूबद्दल मंडळाचं ५ लाखांचं सहाय्य वेगळं आहे. त्याचा अर्जही लगेच करा.

अर्ज कुठे आणि किती दिवसांत करायचा?

अपघात किंवा मृत्यू झाल्यापासून दोन वर्षांत. उशीर झाला आणि कारण पटण्यासारखं असेल तर तो माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. जिथे अपघात झाला तिथे, जिथे तुम्ही किंवा अवलंबित राहतात तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथे, तिन्हींपैकी कुठेही. गोव्यात जहाजबांधणीच्या कामावर गेलेल्याची बायको सांगलीत राहत असेल तर तिने सांगलीतच अर्ज करावा. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून काम पाहतात. दिवाणी कोर्टात जाऊ नका, त्यांना हा अधिकार नाही.

ट्रकवरच्या ड्रायव्हर-क्लीनरला एक निवड करावी लागते: मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा हा कायदा. दोन्हीकडे भरपाई मिळत नाही. न्यायाधिकरणात मजुरीला १५,००० चं बंधन नाही, पण तिथे बहुधा दुसऱ्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. गाडी स्वतः झाडावर आदळली असेल तर आयुक्तांचा रस्ता सोपा.

कोणते कागद जमवू?

माझ्या मते सगळ्यात आधी दवाखान्याची पहिली नोंद. केसपेपरवर 'घरी पडला' किंवा 'गाडीवरून पडला' असं लिहिलं असेल तर पुढे सगळं जड जातं, आणि ते लिहायला सांगणारा बऱ्याचदा कंपनीचाच माणूस असतो, कारण दाखल करताना तोच सोबत असतो. तुम्ही शुद्धीवर असाल तर डॉक्टरांना स्वतः सांगा: प्रेसवर काम करताना, अमुक कंपनीत. नंतर कळलं तर त्याच दिवशी दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या.

मग एमएलसी (दवाखान्याने पोलिसांसाठी केलेली अपघाताची नोंद), पोलिसांचा पंचनामा, मालकाला दिलेली लेखी नोटीस (रजिस्टर पोस्टाची पावती जपून ठेवा), एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, वयाचा दाखला. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे डिशकडे, गंभीर अपघाताची सूचना गेलेली असायला हवी. त्यांच्या चौकशीचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. मशीनवर गार्ड होता की नाही, हे त्यात बहुतेक वेळा सरळ लिहिलेलं असतं.

आणि मालकाने त्याच्या खर्चाने डॉक्टरकडून तपासणी करू असं सांगितलं तर जा. नकार दिलात तर हक्क तेवढा काळ स्थगित होऊ शकतो.

विमा कंपनी म्हणते पॉलिसीत हे बसत नाही.

तो मालक आणि विमा कंपनीतला प्रश्न आहे. पॉलिसी असो नसो, मालकाची जबाबदारी संपत नाही. अर्जात विमा कंपनीलाही सामील करा. भरपाईला उशीर केल्याच्या दंडाची रक्कम विमा कंपनीवर न पडता मालकाच्या खिशातून जाते, हे मालकाला आठवण करून दिलं की समझोत्याची भाषा लवकर सुरू होते.

उशीर केला तर मालकाला काही होतं का?

भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते. महिन्याच्या आत दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या उदाहरणातल्या ३,७४,३६४ वर व्याजच वर्षाला साधारण ४५ हजार होतं. व्याज निकालाच्या तारखेपासून मोजायचा प्रयत्न होतो, तो मान्य करू नका. दंडाची मागणी मूळ अर्जातच करा. पूर्ण रक्कम मान्य नसली तरी जेवढी मान्य आहे तेवढी मालकाने आधी द्यायची असते, हेही मागा.

आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तसं होत नाही.

कामावरून काढून टाकलं तर?

ईएसआयचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना काढता येत नाही. इतरांनी नोकरीचा वाद वेगळा, कामगार उपायुक्तांकडे न्यावा. भरपाईच्या अर्जात तो मिसळू नका.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. 'मिळालेल्या रकमेत निम्मे माझे' म्हणणाऱ्याकडे जाण्याआधी तिथे एक चक्कर मारा.

नवा कायदा आला म्हणतात. मग हे सगळं बदललं का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला गेला. त्याआधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागतो. नंतरच्या अपघातांसाठी हिशोबाचा सांगाडा तोच आहे, आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी आले, आणि घर ते कामाच्या प्रवासातला अपघात संहितेतच लिहिला गेला. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा नव्या अपघाताचा अर्ज जुन्या नमुन्यावरून उतरवून काढू नका. मजुरीची मर्यादाही त्या वेळी तपासून घ्या.

निकाल माझ्या बाजूने लागला, तरी पैसे येत नाहीत.

मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचं असेल तर आधी आदेशातली रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते, तिचा दाखला जोडल्याशिवाय अपील घेतलंच जात नाही. मुदत ६० दिवसांची. ती उलटली, अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करा असा अर्ज आयुक्तांकडे द्या. वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसीलला जातो. तहसीलमध्ये तो फायलींच्या तळाशी जातो, म्हणून दाखल्याचा जावक क्रमांक लिहून घ्या आणि मालकाची मालमत्ता कुठे आहे (गाळा, मशीन, बँकेचं खातं) त्याची यादी तुम्हीच जोडून द्या. तलाठी किंवा मंडळ अधिकारी ती शोधत बसत नाहीत.